नक्कल जिथे संपते : विमानाचे फिरते इंजिन, त्याची श्वासनलिका आणि कोल्हापूर

१/ कोल्हापूरच्या उद्यमनगराविषयी एक शेरा वरचेवर ऐकू येतो : ‘तिथे नवे काय झाले? बाहेरचे यंत्र उघडले, पाहिले आणि तसेच ओतले.’ या शेऱ्यातील माहिती बरीचशी खरी आहे. त्यातला तुच्छतेचा सूर मात्र इतिहासाला धरून नाही. यंत्रविद्येचा जगाचा इतिहास पाहिला, तर जवळजवळ प्रत्येक थोर कारखान्याची पहिली पायरी नक्कल हीच होती. महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : ती नक्कल कुठे संपली? (थ्रेड)

२/ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एक अगदी दुर्लक्षित भाग उपयोगी पडतो : इनटेक मॅनिफोल्ड. हवा, किंवा हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण, इंजिनाच्या पोटात नेणारी ही नळ्यांची जुडी. पिस्टनला कीर्ती आहे, क्रँकशाफ्टला दबदबा आहे. मॅनिफोल्डकडे कोणी पाहत नाही. पण इंजिनाचा श्वास याच वाटेने जातो. श्वास कोंडला, तर बाकी सारे भाग निर्दोष असूनही इंजिन दमते.

३/ त्यातही विमानाचे ‘रोटरी’ इंजिन घेतले, तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. या एका नावाने दोन निरनिराळी यंत्रे ओळखली जातात. पहिले, पहिल्या महायुद्धातील विमानांचे, ज्यात सिलिंडरच गरगर फिरत. दुसरे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वांकेल इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो. दोघांत साम्य नावापुरतेच. परंतु दोघांचाही वंशवृक्ष नकलेच्या मुळांवर उभा आहे.

४/ पहिले यंत्र आज पाहणाऱ्याला वेडेपणा वाटावा असे होते. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का आवळलेला. आणि ताऱ्याच्या आकारात मांडलेले सात किंवा नऊ सिलिंडर, पंख्यासह, त्याच्याभोवती मिनिटाला सुमारे १२०० फेरे घेत. फिरण्यामुळेच सिलिंडरांना वारा लागे व ते थंड राहत. पाण्याची टाकी नको, जड चक्र नको. वजनाच्या मानाने ताकद इतकी, की १९०९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील रांस येथील विमानमेळ्यात आंरी फार्मान याने याच जातीच्या ‘नोम’ इंजिनावर अंतराची स्पर्धा जिंकली.

५/ पण फिरणाऱ्या सिलिंडरांना मिश्रण पोचवायचे कसे? स्थिर कार्बोरेटरपासून गरगरत्या डोक्यापर्यंत सरळ नळी जोडणे शक्यच नव्हते. नोमच्या सेगँ बंधूंनी वाट काढली : क्रँकशाफ्टच पोकळ केला. मिश्रण त्या पोकळीतून क्रँककेसमध्ये येई आणि पिस्टनच्या माथ्यातील झडपेतून वर चढे. इंजिनाचा कणा हीच त्याची श्वासनलिका. याच वाटेवर तेलही असल्याने पेट्रोलमध्ये सहज न मिसळणारे एरंडेल वंगण म्हणून वापरावे लागे, आणि ते जळक्या धुरासह बाहेर उडून वैमानिकाच्या अंगावर येई.

६/ पिस्टनच्या माथ्यातली ती झडप नाजूक होती. दुरुस्तीसाठी सिलिंडर उतरवावा लागे. ‘ल रोन’ या प्रतिस्पर्धी फ्रेंच कारखान्याने वेगळा विचार केला. त्यांनी क्रँककेसपासून प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यापर्यंत तांब्याची स्वतंत्र नळी नेली. संग्रहालयातील ल रोन इंजिनावर चमकणाऱ्या नऊ तांबड्या नळ्या दिसतात, त्या याच. इंजिनाचे मूळ तत्त्व तेच. बदलला तो श्वासाचा मार्ग. आणि तेवढ्याने यंत्राचा स्वभाव बदलला.

७/ आता वंशवृक्ष. नोम हे नाव फ्रेंचांनी स्वतः शोधलेले नव्हते. जर्मनीतील ओबरउर्झेल गावी ‘ग्नोम’ नावाचे एक सिलिंडरचे, जागेवर बसवून चालवायचे इंजिन बनत असे. शेतात, छोट्या कारखान्यात कामाला येणारे साधे, दणकट यंत्र. विसाव्या शतकाच्या आरंभी सेगँ बंधूंनी त्याचा परवाना घेतला आणि तेच यंत्र त्याच नावाने फ्रान्समध्ये बनवून विकले. जगप्रसिद्ध विमान-इंजिनाच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे परक्याच्या आराखड्यावर बनलेले एक तेलाचे इंजिन!

८/ पुढे चक्र उलटे फिरले. १९१३ मध्ये ओबरउर्झेलच्याच कारखान्याने नोमच्या फिरत्या इंजिनाचा परवाना घेतला. युद्ध पेटल्यावर परवान्याचा प्रश्नच उरला नाही. जर्मनांनी ल रोनच्या ११० अश्वशक्तीच्या इंजिनाची जवळजवळ हुबेहूब प्रत काढली. फोकर कंपनीच्या प्रसिद्ध तीन पंखी विमानात, डीआर-१ मध्ये, ती बसली. शत्रूच्या इंजिनाची नक्कल करून शत्रूशीच आकाशात झुंज. त्या कारागिरांना कोणी ‘केवळ नक्कलबहाद्दर’ म्हणत नाही.

९/ इंग्लंडचे उदाहरण अधिक बोलके आहे. फ्रेंच क्लेर्जे इंजिन तापून बिघडत असे. ते सुधारण्याचे काम नौदलातील डब्ल्यू. ओ. बेंटली या तरुण अधिकाऱ्याकडे आले. त्याने मूळ रचना ठेवली, पण सिलिंडर ॲल्युमिनियमचे केले आणि आत लोखंडी अस्तर बसवले. उष्णता भराभर बाहेर जाऊ लागली. ‘हे असे का?’ हा प्रश्न नक्कल करताना विचारला गेला, आणि त्या प्रश्नातून बीआर-१ हे नवे इंजिन जन्मले. नकलेचे हे दोन प्रकार लक्षात ठेवण्याजोगे आहेत : प्रश्न विचारणारी आणि न विचारणारी.

१०/ युरोपात ही उलथापालथ चालली असतानाच कोल्हापुरात दोन चुलतभाऊ एका वेगळ्या यंत्राने झपाटले होते : आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, ज्यांना जग ‘पेंटर’ म्हणून ओळखते. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ येऊन गेला होता. यांनाही चित्रपट काढायचा होता. पण कॅमेरा नव्हता आणि परदेशातून आणण्याची ऐपतही नव्हती. हाताशी होते चित्रपट दाखवण्याचे यंत्र, प्रोजेक्टर. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने काम पुढे नेले.

११/ १९१८ च्या सुमारास कोल्हापुरी कॅमेरा तयार झाला आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. येथे नक्कल होती का? होती. फिल्म थांबत थांबत पुढे सरकवण्याची युक्ती प्रोजेक्टरमध्ये समोर दिसत होती. परंतु प्रोजेक्टर प्रकाश बाहेर फेकतो; कॅमेऱ्याला प्रकाश मोजून आत घ्यावा लागतो आणि बाकी सारा अंधार राखावा लागतो. ते प्रोजेक्टरमध्ये नव्हते. जिथे नमुना संपला, तिथून पुढे दामले-बाबूरावांना स्वतःच्या बुद्धीने चालावे लागले.

१२/ त्यानंतरची पायरी इंजिनाची. कोल्हापूरचा प्रदेश पंचगंगा-भोगावतीच्या पाण्याचा, उसाचा, गुऱ्हाळांचा. नदीचे पाणी चढावरच्या रानात न्यायचे तर पंप हवा, पंपाला इंजिन हवे. इंजिने आली ती परदेशी. हंगाम ऐन भरात असताना त्यातील एखादा भाग मोडला, तर विलायतेहून सुटा भाग येईपर्यंत ऊस वाट पाहत नाही. गावच्या मिस्त्रीला तो भाग इथेच, आजच्या आज करावा लागे. कोल्हापूरच्या यंत्रविद्येची खरी शाळा हीच.

१३/ आधी दुरुस्ती, मग सुटा भाग, मग अखेरीस आख्खे इंजिन, या क्रमाने ही विद्या वाढली. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार ही त्या पहिल्या पिढीतील नावे आजही शहरात आदराने घेतली जातात. पोवारांच्या नावाने तर उद्योगांची एक वसाहतच वसली आहे. शिवाजी उद्यमनगर, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती, मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्या इंजिनांचे ओतीव भाग पुरवणाऱ्या शेकडो फौंड्र्या, हा सारा विस्तार त्या दुरुस्तीच्या बाकड्यापासून सुरू झाला.

१४/ ‘तसेच ओतले’ हे म्हणायला दोन शब्द लागतात. करायला काय लागते ते पाहावे. इंजिनाचा सिलिंडर भरीव नसतो. त्याच्या भिंतीत पाणी खेळण्यासाठी पोकळी असते. वितळलेल्या धातूत पोकळी ठेवायची, तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा आधी करावा लागतो. फौंड्रीत त्याला ‘कोअर’ म्हणतात. साच्यात कोअर टांगायचा, भोवती सुमारे १४०० अंशांचे लोखंड ओतायचे, आणि धातू थिजल्यावर वाळू झटकून काढायची. जे उरते ते रिकामेपण. आणि तेच कामाचे.

१५/ मूळ भाग समोर ठेवला तरी तो ही विद्या शिकवत नाही. लोखंड थिजताना सुमारे एक टक्का आकसते, ॲल्युमिनियम त्याहून थोडे अधिक. म्हणून लाकडी पॅटर्न मोठा करावा लागतो. कोअर जरा सरकला, तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी. वाळूतील वायूला वाट ठेवली नाही, तर ओतकामात फुगे. मूळ यंत्र फक्त उत्तर दाखवते. उदाहरण सोडवण्याची रीत ते सांगत नाही. ती रीत ज्याने स्वतः शोधली, त्याने शोधच लावला.

१६/ यावर एक रास्त आक्षेप आहे. शेतीच्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला श्वासाची चिंता फारशी नसते. ते एकाच गतीने तासन् तास चालते. हवेची गाळणी आणि एक वाकडी नळी पुरते. म्हणजे तेलाच्या इंजिनाने कोल्हापूरला ओतकाम शिकवले, परंतु इंजिनाच्या आराखड्याचा सर्वांत अवघड भाग शिकवला नाही. हा आक्षेप मान्य करायलाच हवा. तो अवघड भाग कोणता, हे दुसऱ्या फिरत्या इंजिनात दिसते.

१७/ फेलिक्स वांकेल याच्या कल्पनेवर जर्मनीच्या एनएसयू कंपनीने त्रिकोणी रोटरचे इंजिन घडवले. १९६१ मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, त्याचा परवाना घेतला. ही कंपनी १९२० मध्ये बुचाच्या कारखान्यातून सुरू झालेली. इंजिन आणले, चालवले, आणि आतल्या भिंतीवर ओरखडे उमटू लागले. जपानी अभियंत्यांनी त्यांना ‘सैतानाची नखे’ म्हटले. परवान्याच्या कागदांत त्यावर उपाय नव्हता. केनिची यामामोतो यांच्या पथकाने रोटरच्या टोकावरील सील नव्याने घडवले, आणि १९६७ मध्ये कॉस्मो मोटार बाजारात आली. परवाना सर्वांना मिळाला. इंजिन टिकवले ते प्रश्न विचारणाऱ्याने.

१८/ माझदाचे दोन रोटरांचे १३बी इंजिन पुढे हौशी विमानबांधणी करणाऱ्यांच्या आवडीचे झाले. आटोपशीर, कमी हलते भाग, झडपा नाहीतच. पण मोटारीचे मॅनिफोल्ड विमानाच्या नाकात बसत नाही : उंची जास्त, तोंड भलतीकडे, जागा अरुंद. म्हणून बांधणारा नवे मॅनिफोल्ड स्वतः बनवायला घेतो. बाकी इंजिन तयार मिळते, गती उतरवणारा गिअरबॉक्सही मिळतो. या एका भागापाशी मात्र नमुना संपतो, कारण असे विमान याआधी कोणी बांधलेलेच नसते.

१९/ अडचण केवळ जागेची नाही. रोटरने हवेची वाट बंद केली, की नळीतून धावत येणारी हवा आपटते आणि दाबाची लाट उलटी फिरते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर अर्ध्या फेऱ्याला ५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात लाट १.७ मीटर जाते. दोन्ही रोटर अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने काम करतात. नळ्यांची लांबी नीट साधली, तर एका रोटरने परतवलेली लाट दुसऱ्याच्या उघड्या तोंडात अधिक हवा कोंबते. लांबी चुकली, तर तीच लाट श्वास रोखते.

२०/ गती ५००० वर आली, की तेच अंतर दोन मीटरांवर जाते. म्हणजे एका गतीला लाभणारी नळी दुसऱ्या गतीला लाभत नाही. म्हणूनच १९९१ ची ल माँ शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी मोटारीत चालत्या इंजिनात लांबी बदलणाऱ्या नळ्या होत्या. विमानाचे इंजिन बहुतेक वेळ जवळपास एकाच गतीने चालते. त्याला वेगळी लांबी हवी. शिवाय थरथर सोसणारे जोड हवेत, कारण बारीकशा भेगेतून जादा हवा शिरली, तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन आकाशात दगा देते. तिथे गाडी कडेला घेण्याची सोय नसते.

२१/ म्हणून मॅनिफोल्ड ही यंत्रविद्येची कसोटी ठरते. ज्याला पिस्टन मोजता येतो, तो पिस्टन करू शकतो. पण श्वासाची वाट मोजून उतरवता येत नाही. हवा, उष्णता, गती आणि जागा यांचे नाते कळावे लागते. आणि ते कळूनही, ती वाकणारी, निमुळती होत जाणारी पोकळी ॲल्युमिनियममध्ये उतरवायला अखेर लागतो तो कोअर करणारा हात. गणित आणि वाळू यांची गाठ इथे पडते.

२२/ कोल्हापूरपाशी वाळूची बाजू पिढ्यान्‌ पिढ्या आहे. हे भांडवल जगातील थोड्याच शहरांना लाभले. म्हणूनच केवळ अभिमानावर थांबणे परवडणारे नाही. मोठ्या कंपनीचा आराखडा यावा आणि इथे फक्त ओतले जावे, ही वाटणी कायम राहिली, तर सुरुवातीचा तो शेरा उद्या खरा ठरेल. म्हादबा मिस्त्रींच्या पिढीने आराखडा नसताना काम केले. आराखडा असल्याखेरीज काम न करणारी पिढी त्यांची वारस म्हणवून घेऊ शकत नाही.

२३/ इतिहासप्रेमींचाही यात वाटा आहे. मराठी चर्चांत ‘पहिला कोण’ या प्रश्नाला अवास्तव मान आहे. तळपदे यांच्या १८९५ च्या विमानाची कथा दरवर्षी नव्याने फिरते; त्यातले इंजिन श्वास कसा घेत होते, हे कोणी विचारत नाही. याउलट कोल्हापूरच्या कारागिरांनी खरोखर चालणारी यंत्रे घडवली, आणि त्यांची कहाणी लिहिण्याइतकी भव्य कोणाला वाटत नाही. दंतकथेला पुरावा लागत नाही म्हणून ती स्वस्त पडते. खऱ्या कामाचा इतिहास कष्टाने मिळवावा लागतो.

२४/ गडकोटांच्या तटबंदीची मोजमापे घेणारे, शिलालेखांचे ठसे उतरवणारे तरुण महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यातील काहींनी उद्यमनगराच्या गल्लीत जावे. जुने लाकडी पॅटर्न, कोअरच्या पेट्या, हाताने काढलेली रेखाटने हीही ऐतिहासिक साधनेच आहेत. निवृत्त मोल्डर, पॅटर्नमेकर, टर्नर यांच्याशी बोलावे. विचारायचा प्रश्न एकच : ‘मूळ भाग समोर होता, तरी कुठे अडलात, आणि मग काय केलेत?’

२५/ त्या उत्तरांतून जो इतिहास हाती येईल, त्यात बहुधा ‘पहिला’ कोणी नसेल. त्यात अडलेला हंगाम असेल, फुटलेला सिलिंडर असेल, तिसऱ्यांदा फसलेले ओतकाम असेल आणि चौथ्यांदा साधलेले. ओबरउर्झेलच्या शेती-इंजिनातून विमानाचे इंजिन निघाले ते अशाच वाटेने. कोल्हापूरचे तेलाचे इंजिनही त्याच जातीचे होते. त्यापुढची वाट अजून मोकळी आहे.